मेंदीच्या रात्रीचे लेखक

सरावासाठी एखादं पूर्ण झालेलं पुस्तक द्या, असं कैरोहून आलेला प्रशिक्षक हायसम म्हणाला, आणि विद्यापीठाच्या प्रकाशन विभागातल्या सगळ्यांच्या नजरा चहाच्या ग्लासांकडे वळल्या. प्राध्यापकांची पुस्तकं विभागात पुष्कळ पडून होती. पण जी त्यांची होती ती अर्धवट होती, आणि जी पूर्ण होती ती दुसऱ्याच कुणाची तरी होती.

"माझं आहे," नगवा म्हणाली.

नगवा तिथली मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका काढता काढता तिचे केस पिकले होते. तिचं स्वतःचं पुस्तक एकच. तिच्या आजोळी, खाऱ्या सरोवराच्या काठी, लग्नाच्या आदल्या रात्री पुरुषांना घराबाहेर काढून कोळणी नवरीला मेंदी लावतात आणि नवरे नावाच्या जातीची यथेच्छ टिंगल करणारी गाणी म्हणतात. ती गाणी तिनं मावशीच्या तोंडून उतरवून घेतली होती. मावशी जाताना तिला शब्द दिला होता, की तुझी गाणी छापून आणीन. पण दर वर्षी संचालक डॉ. शौकत म्हणायचे, "यंदा कागद नाही हो, मॅडम." साहेब मूळचे सिमेंटचे प्राध्यापक. त्यांच्या सिमेंटवरच्या पुस्तकांना कागद कधी कमी पडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

आता नव्या सिस्टीममुळे पुस्तकं संगणकावरून थेट जगभर जाणार, कागद लागणारच नाही, हे कळल्यावर प्रशिक्षणाला ठेवणीतला पोशाख घालून आलेली नगवा एकटीच होती.

कार्यालय अधीक्षक फिक्री कळफलकावर बसला. पडद्यावर लेखकाच्या नावाचा रकाना आला. नगवानं सांगायला तोंड उघडलं.

"काहीतरीच काय, मॅडम!" फिक्री कुजबुजला. "साहेब समोर बसलेत. पहिलंवहिलं पुस्तक, आणि त्यावर दुसऱ्याचं नाव? बरं दिसतं का ते?"

"सराव आहे, काहीही टाका," हायसम मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला.

"अरे, माझं कशाला, राहू दे," डॉ. शौकत छातीवर हात ठेवून म्हणाले. मग 'प्राध्यापक', 'डॉक्टर' आणि 'अभियंता' हे तिन्ही शब्द नीट उमटलेत ना, ते त्यांनी चष्मा वर करून बघून घेतलं.

शेवटचं बटण दाबायचा मान अर्थात साहेबांचा. हायसम फोन आला म्हणून बाहेर गेला होता. पडद्यावर प्रश्न आला: तुमची खात्री आहे का? पुढे बदल करता येणार नाही.

"साहेबांची खात्री नाही, असं कधी झालंय?" फिक्री म्हणाला. साहेबांनी बटण दाबलं, टाळ्या पडल्या आणि बसबूसाचं, रव्याच्या गोड वड्यांचं, ताट फिरलं.

हायसम आत आला, आणि ताटातली वडी उचलता उचलता त्याची नजर पडद्यावर गेली. "सरावाची वेगळी सिस्टीम उघडली होती ना?"

"ती आम्ही घेतलीच नाही," फिक्री अभिमानानं म्हणाला. "खरेदी समितीनं उडवली. एका कामाला दोन-दोन कशाला?"

"मग हे खरंच गेलं. जगभरच्या ग्रंथालयांत."

"परत बोलव!" साहेब गरजले.

"येतं ना. पण लेखकाच्या नावापुढे 'रद्द' असा लाल शेरा पडतो. कायमचा."

"माझ्या नावापुढे? लाल?" साहेब खाली बसले. "असू दे मग. कोण बघतंय!"

सगळ्यांनी बघितलं. कुलगुरूंनी स्वतः फोन केला. सिमेंटच्या माणसात एवढा ओलावा! पहिल्या फोनवर साहेब "अहो, ते जरा चुकून..." म्हणाले. दुसऱ्यावर "कसलं काय, आपलं थोडंसं" म्हणाले. आठवडा उलटायच्या आत ते टीव्हीवर होते. मेंदीच्या रात्री पुरुषाला उंबऱ्यापाशी उभं करत नाहीत, मग तुम्ही आत कसे गेलात, असं निवेदिकेनं विचारलं.

"संशोधकाला पडदा नसतो," साहेब मान तिरकी करून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नगवा त्यांच्यासमोर उभी राहिली. "साहेब, त्यात माझी मावशी आहे हो."

"वाचलं मी. डोळ्यांत पाणी आलं." बहुधा आलंही असेल. "एवढं मनाला काय लावून घेता? तुमच्याही नावानं टाका की. आता कुठे कागदाची अडचण आहे?"

तिनं खुळ्यासारखं टाकलं. सिस्टीमनं क्षणात निकाल दिला: शंभर टक्के नक्कल, मूळ लेखक डॉ. शौकत, प्रकरण कारवाईसाठी संचालकांकडे.

तिनं हायसमला फोन लावला. "सिस्टीमचं काही चुकलेलं नाही, मॅडम," तो म्हणाला. "आधी आलं ते मूळ."

साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि साक्षीला फिक्रीला ठेवलं. "मी वर कळवणार नाही. तुम्ही मला बहिणीसारख्या. फक्त एवढं लिहून द्या, की पुस्तक माझं आहे आणि तुमची चूक झाली." नगवाची निवृत्ती तोंडावर होती, पेन्शन साहेबांच्या हातात होती. तिनं सही केली. फिक्रीनं त्यावर सरकारी गरुडाचा शिक्का उमटवला. घरी जाताना तिला साहेबांपेक्षा स्वतःचाच जास्त संताप आला.

आणि मग एका सकाळी सरोवरकाठचे कोळी आले. पुढे हजला जाऊन आलेले म्हातारे हाज मितवल्ली, आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून सोबत माशांची टोपली. त्यांनी साहेबांच्या तब्येतीची चौकशी केली. चहा शांतपणे संपवला. नगवा तेव्हा मुद्रितं घेऊन आणि फिक्री फायली घेऊन तिथेच उभे होते.

"टीव्हीवर बघितलं तुम्हाला, डॉक्टर," हाज मितवल्ली म्हणाले. "नातीनं पुस्तकही वाचून दाखवलं. आमच्या घोरण्यावर बायका काय गातात ते कळलं. ते असो. एवढंच सांगा, माझ्या लेकीच्या मेंदीला तुम्ही कुठल्या पलंगाखाली होता?"

त्यांच्यातल्या सगळ्यात आडव्या माणसानं दारापाशी जाऊन पाठ टेकली.

"मी नाही हो, देवाशपथ!" साहेब किंचाळले. "एक अक्षरही माझं नाही! पुस्तक या मॅडमचं आहे, गाणी यांच्या मावशीची! सांगा ना, मॅडम!"

जे ऐकायला नगवा इतके दिवस तळमळत होती, ते साक्षीदारांसमोर, ओरडून, शपथेवर चाललं होतं.

"खरं का गं, पोरी?" हाज मितवल्लींनी विचारलं.

'हो' तिच्या ओठांवर आलं होतं. पण हे 'हो' पाव्हणे जाईपर्यंतच टिकणार, आणि फिक्रीच्या कपाटातला गरुडाच्या शिक्क्याचा कागद तिथेच राहणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

"छे हो, काका," ती म्हणाली. "मी तर लिहून दिलंय. सिस्टीमनंही तपासलंय. शंभर टक्के साहेबांचंच."

त्या आडव्या माणसानं तिला अदबीनं वाट करून दिली. पुरुषांच्या बोलण्यात बाईमाणसाचं काय काम? दार लागलं.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर तिला आधी हसू आलं, आणि मग मावशी आठवून रडू फुटलं. आतून साहेबांचा आवाज येत होता. तो 'रद्द'चा लाल शेरा कुठलं बटण दाबून मारतात, ते फिक्रीला विचारत होते.