हकीकत बॅटरीच्या खातरजमेची

सकलगुणालंकृत वाचकमंडळी यांचे सेवेसी बखरनविसाचा कृतानेक दंडवत. आज्ञा जाहली की, थंडीचे तोंडावर पहिल्या मजल्यावरील बिऱ्हाडी मोटारीच्या बॅटरीवरून जो रणकल्लोळ माजला, त्याचे वर्तमान भीड न धरता लिहावे. ऐशियास, ज्याचे मीठ खाल्ले त्याची अब्रू झाकावी हा बखरनविसाचा धर्म. परंतु अब्रू मोठी आणि पांघरूण तोकडे, सबब जैसे घडले तैसे लिहिले आहे.

बिऱ्हाडाचे धनी निवृत्त हेडमास्तर, घरात त्यांस खासे म्हणत. बहुत शूर, बहुत बोलके, ऐकण्याचे कामी किंचित कमजोर. यांची एकुलती कन्या गरोदर, नववा महिना लागलेला, जामात परमुलखी जहाजावर चाकरीस, आणि डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली ती ऐन कडाक्याच्या थंडीतली. गतसाली याच थंडीत मोटारीने दगा दिला होता, आणि खाशांनी ती पायजम्यानिशी चौकापर्यंत ढकलत नेली होती, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी गॅलऱ्यांतून मौज पाहिली होती. इभ्रत गेली ती गेली. परंतु यंदा दगा जाहला तर लेकीचे काय, ही खाशांस खरी चिंता.

मग खाशांनी मसलत केली. एकट्यानेच केली, कारण दुसऱ्यास विचारावे तर दुसरा सांगतो. खाशांचे कुटुंब, म्हणजे बाईसाहेब, यांनी अर्ज गुदरला की, बॅटरी एकदा बॅटरीवाल्याकडून तपासून घ्यावी. खाशांनी फर्माविले की, हातच्या काकणाला आरसा कशाला, आम्ही जातीने खातरजमा करू. आणि सकाळी चहाआधी स्वारी जिना उतरली, आणि किल्ली फिरवली, आणि मोटार गुरगुरली, आणि खाशांनी मान डोलावून ती बंद केली, आणि विजयी मुद्रेने वर आले. मग दुपारी शंका आली की, सकाळची मोटार दुपारी तशीच राहिली कशावरून, म्हणून पुन्हा उतरले. मग सायंकाळी वारा सुटला म्हणून, मग जेवणानंतर जेवण जिरावे म्हणून. पंधरवडाभर मोटार जागची तसूभर हलली नाही, परंतु खातरजमा अखंड चालू राहिली.

ऐसे करता करता एके सकाळी मोटारीचा आवाज बसला. किल्ली फिरवली तो ती नुसती खोकली, आणि दुसऱ्या खेपेस खोकण्यासही राजी होईना. खाशांचे तोंड उतरले, तरी मान ताठ ठेवून त्यांनी जाहीर केले की, हा सर्व बॅटरी बनविणारांचा दगाफटका आहे. तेव्हा बाईसाहेबांनी हुकुमाची वाट न पाहता कोपऱ्यावरील बॅटरीवाल्यास पाचारण केले. तो तपासणीचे यंत्र घेऊन आला, आणि टर्मिनलांवर, म्हणजे तारा जोडतात त्या टोकांवर, साठलेली पांढरी-हिरवी बुरशी पाहून चुकचुकला, मग दोन चिमटे लावून यंत्राचा कौल घेतला.

"बॅटरी धडधाकट आहे, काका. पण उपाशी आहे. गाडी फिरवत नाही का?"

"रोज सुरू करतो!" खाशांनी गर्जना केली.

इतक्यात गॅलरीतून, कठड्यास टेकून उभ्या असलेल्या कन्येने तोफ डागली.

"बाबा, नुसती सुरू करता आणि बंद करता! सुरू व्हायलाच तिची सगळ्यात जास्त ताकद जाते. ती भरून यायला गाडी पळायला नको?"

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"रोज सांगत होते! तुम्ही म्हणायचात, गप्प बस, इंजिन ऐकू दे!"

कुंपणानेच शेत खाल्ले ऐसा प्रकार उघडकीस आला. खासे जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. "मला वाटलं, ऐन वेळी तुला..." इतके बोलून हातातील किल्ली चाचपू लागले. कन्येच्या डोळ्यांत पाणी आले, आणि बाईसाहेबांनी ओठांवर आलेला टोमणा गिळला, ही त्या घरातील अपूर्व गोष्ट होय.

मग तह जाहला. बॅटरी चार्जिंगला रवाना केली, आणि ती परत येईतो बाईसाहेबांनी तारांच्या टोकांची बुरशी खाण्याचा सोडा, गरम पाणी व खाशांचाच दात घासण्याचा ब्रश घेऊन उतरविली. किल्ली बाईसाहेबांचे ताब्यात गेली. दिवसाआड बाईसाहेब मोटार गावाबाहेरपर्यंत दामटून आणीत, आणि खासे शेजारी निमूट बसत, निमूटपणा त्यांस जमेल तितकाच.

पुढे एके पहाटे काचांवर दव गोठले असता कन्येस कळा सुरू जाहल्या. बाईसाहेब चालकाचे आसनी बसल्या, किल्ली फिरली, आणि मोटार पहिल्याच हाकेस ओ देऊन निघाली. मागे कन्येचा हात धरून खासे बसले होते, पांढरेफटक, डोळे मिटलेले. दोन कळांच्या मध्ये कन्येने वळून पाहिले.

"बाबा, आधी तुम्ही श्वास घ्या."

हा हुकूम खाशांनी तत्काळ पाळला.

दुपारी नात जाहली, आणि फत्तेची सलामी तिने स्वतःच अशी दिली की इस्पितळ दणाणले. मोटार शाबूत, बॅटरी शाबूत, बाळ-बाळंतीण सुखरूप. खासे मात्र नातीच्या पाळण्याशी बसून दिवसभर तिचेच ऐकत राहिले, आणि त्या घरात इतरांस प्रथमच मनमुराद बोलावयास मिळाले. ही दुहेरी फत्ते दाखल करून लेखणी खाली ठेविली असे.