अकोला शाखेची लोकल ॲडमिनिस्ट्रेटर

कॉम्प्युटरच्या बाबतीत मी कोणाच्या बापाला भीत नाही, हे आधीच सांगून ठेवते. अकोल्याच्या आमच्या बियाणे कंपनीच्या शाखेत अकरा माणसं आहेत. त्यातल्या दहा जणांना प्रिंटर अडला की माझंच नाव आठवतं, आणि अकरावी मी. म्हणून पिशव्यांवरची लेबलं छापायचं नवीन मशीन आलं तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं, की अर्ध्या तासात चालू करून देते.

मशीन काही चालू झालं नाही. त्याचं सॉफ्टवेअर टाकायला गेलं की पडद्यावर एक चौकट यायची आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागायची. मी माझा दिला, शाखेचा दिला, शेवटी मशीनच्या खोक्यावरचा नंबरही देऊन पाहिला. चौकट जावयासारखी अडून बसली. अमरावतीच्या मुख्य कार्यालयात कंपनीचे सगळे कॉम्प्युटर सांभाळणारे रऊफभाई आहेत, त्यांना फोन लावला. ते म्हणाले, पासवर्ड कोणालाच मिळत नाही, पण लोकल ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देता येतात, म्हणजे आपल्या शाखेतल्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकायची आणि काढायची मुभा. फॉर्म भरा आणि शाखाप्रमुखांची सही घ्या.

शाखाप्रमुख म्हणजे आमचे भगवंतराव साहेब. निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. माणूस सज्जन, पण सही करायच्या आधी कागद तीन दिवस टेबलाच्या काचेखाली मुरवतात, लोणच्यासारखा. त्यातून त्या दिवशी ते सकाळीच दर्यापूरला दुकानदारांच्या सभेला गेलेले. इकडे संध्याकाळी पिशव्यांचा ट्रक निघायचा होता, आणि लेबल नसलेली पिशवी दुकानदार हातातसुद्धा घेत नाही. मी सहीच्या जागी ‘साहेब दौऱ्यावर’ असं लिहिलं आणि फॉर्म पाठवून दिला. पंधरा मिनिटांत अधिकार मिळाले. सोबत माझ्या, म्हणजे प्रणालीच्या, नावाचा एक मेल आला. आजपासून अकोला शाखेच्या लोकल ॲडमिनिस्ट्रेटर प्रणाली, आधीच्या ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार रद्द. असा मेल शाखेतल्या सगळ्यांना आपोआप जातो, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं.

साहेबांचा कॉम्प्युटर सगळ्यात नवा, म्हणून सुरुवात तिथूनच केली. लेबलाचं सॉफ्टवेअर गुमान बसलं. पण मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटायला लागले. तेव्हा हातात नवी सत्ता आलेल्या माणसाला जे सुचतं तेच मला सुचलं. इंटरनेटवरून एक फुकटचा फॉन्ट उतरवला आणि बिनदिक्कत टाकला.

पडदा लाल झाला. मधोमध पांढऱ्या अक्षरांत लिहून आलं, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये सतरा व्हायरस सापडले आहेत. मी चौकट बंद केली तर तिच्या जागी दोन आल्या. साहेबांना न विचारता अधिकार घेतले, साहेबांच्याच कॉम्प्युटरवर वापरले आणि त्यातच सतरा व्हायरस घातले. नोकरी तर जाणारच होती. पोलीस किती वाजता येतील, एवढाच हिशोब मी करत होते.

तेवढ्यात आमचे शिपाई जानरावभाऊ दारात आले. साहेबांचा फोन येऊन गेला म्हणाले. “त्यायनं इचारलं, प्रणाली कुठं बसली हाये. मी सांगतलं, तुमच्या खुर्चीत.”

मी पडद्यावर ओढणी टाकून बाहेर आले. लगेच रऊफभाईंचा फोन. त्यांच्याकडे कसली तरी धोक्याची घंटा वाजली होती. कोणत्याही मशीनला हात लावू नका, मी स्वतः येतो, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. अमरावतीचा माणूस येतोय ही बातमी जानरावभाऊंनी पाण्याच्या ग्लासासोबत टेबलाटेबलावर पोचवली.

साहेब साडेबाराला आले. नेहमी ते मला ‘ए प्रणाली’ अशी हाक मारतात. त्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, हात समोर बांधले आणि म्हणाले, “मॅडम, चहा घेता का?”

बळी द्यायच्या बोकडाला आधी हिरवा पाला खाऊ घालतात, हे मी पाहिलेलं आहे. चहा साहेबांनी स्वतःच्या हाताने आणला.

“केव्हापासून चालू हाये हे?” त्यांनी हळूच विचारलं.

“सकाळपासून, साहेब. पन मी मुद्दाम नाही केलं.”

“तुमचा काही दोष नाही. किती काढाचे हायेत?”

मला वाटलं, यांना व्हायरसचं कळलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. “सतरा,” मी म्हणाले. “पन मी संध्याकाळपर्यंत सगळेच काढते.”

साहेब जवळच्या खुर्चीवर बसले. बराच वेळ त्यांनी बोटं मोजली. “आपन तं अकराच हाओत.”

अकरा माणसं तसे आमच्याकडे कॉम्प्युटरही अकरा. म्हणून मी समजावलं, की एकेका ठिकाणी जास्तही असू शकतात.

“सुरुवात कोनापासून?”

“तुमच्यापासूनच झाली, साहेब,” मी म्हणाले आणि मला रडूच आलं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “रडू नको, पोरी. वरचा हुकूम असते, तू तरी काय करशीन?” आणि ते केबिनमध्ये निघून गेले. मला काहीच समजेना. मला काढून टाकताना माझंच सांत्वन करणारा असा देवमाणूस, आणि त्याच्या कॉम्प्युटरचं मी वाटोळं केलं, या विचाराने मला आणखीच रडू आलं.

रऊफभाई तीनच्या सुमारास पोचले. मी त्यांना केबिनमध्ये नेलं. साहेब आपल्या खुर्चीत नव्हतेच. समोरच्या पाहुण्यांच्या खुर्चीवर मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. पिशवीतून इसबगोलचा डबा, चष्म्याचं घर आणि रिद्धपूरच्या देवाची तसबीर डोकावत होती. टेबल धुवून पुसल्यासारखं रिकामं. ओढणी टाकलेला कॉम्प्युटर तेवढा उरला होता.

“चार्ज तुमाले देऊ का मॅडमले?” साहेबांनी विचारलं.

“चार्जर राहू द्या साहेब, सोबत आणला हाये,” रऊफभाई म्हणाले आणि त्यांनी ओढणी बाजूला केली.

रऊफभाईंनी लाल चौकट पाहिली, काहीतरी दोनदा दाबलं आणि ती गेली. हे व्हायरस नाहीतच, म्हणाले. घाबरवून पैसे उकळणारी खोटी जाहिरात आहे, फुकटच्या फॉन्टसोबत आली. तो फॉन्ट त्यांनी काढला, कंपनीचा टाकला, आणि मशीनमधून पहिलं लेबल शुद्ध मराठीत बाहेर आलं. मग त्यांनी साहेबांना विचारलं, की तुम्ही पिशवी भरून कुठे निघालात?

साहेबांनी खिशातून मोबाईल काढून तो मेल दाखवला. रऊफभाईंनी वाचला. एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ते हसायच्या आधी खुर्ची धरून खाली बसले. लोकल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे शाखेचा नवा प्रमुख नव्हे, हे त्यांनी तीनदा समजावून सांगितलं. सतरा कोण ते मी सांगितलं. साहेबांनी इसबगोलचा डबा पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवला आणि मी सही न घेतल्याबद्दल मला पंधरा मिनिटं झापलं. ‘ए प्रणाली’ ऐकून मला इतका आनंद आजवर कधी झाला नव्हता.

ट्रक वेळेवर गेला. रऊफभाईंनी माझे अधिकार काढून घेतले आणि तेही गेले. मी घरी निघाले तर साहेब केबिनमध्येच बसलेले. चेहरा पुन्हा उतरलेला. मी घाबरत विचारलं, आता काय झालं?

दुपारीच त्यांनी घरी बायकोला, मैनाबाईंना, फोन करून नोकरी गेल्याचं सांगून टाकलं होतं. मैनाबाई मुळीच रडल्या नव्हत्या. उलट म्हणाल्या होत्या, बरं झालं, बत्तीस वर्षं वाट पाहिली, आता सेमाडोहच्या जंगलात जाऊन आठ दिवस राहू. त्यांनी खोलीही ठरवली होती आणि बॅगा भरायला घेतल्या होत्या.

“नोकरी हाये, हे तिले तूच सांग,” साहेबांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. “माही हिंमत नाही.”

मी सांगितलं. मैनाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, “सायबाले काढनं तुया हातात नाही का आता?”

“नाही, काकू.”

“मंग तुले अधिकार देले तरी कायचे होते?”

मी म्हणाले, “लेबलं छापायचे,” आणि त्यांनी फोन ठेवला.