दोन सारख्या शिड्या

कलासमीक्षक अभ्यासिकेतून बाहेर आले आणि बैठकीचा रिकामा कोपरा पाहून जागच्या जागी थबकले.

"अगं, इथली शिडी कुठाय?"

"रंगाऱ्याला दिली. स्वयंपाकघराचं छत रंगवतोय ना तो," बायको म्हणाली.

"अगं, ती शिडी नाहीये! शिल्प आहे ते!"

त्यांच्या शिल्पकार मित्राने बाजारातून साधी लाकडी शिडी आणली, तिच्यावर काडीचंही काम न करता 'ऊर्ध्व' असं नाव दिलं आणि त्यांना भेट दिली. कला डोळ्यांना दिसत नाही, ती वस्तूमागच्या विचारात असते, हा समीक्षकांचा सिद्धांत याच शिडीवर उभा होता. आणि ती न्यायला संग्रहालयाच्या संचालकबाई आता कुठल्याही क्षणी येणार होत्या.

ते स्वयंपाकघराकडे धावले. रंगारी जेवायला गेला होता. दोन शिड्यांवर आडवी फळी टाकलेली. दोन्ही शिड्या लाकडी, एकाच उंचीच्या, दोन्हींवर पिवळे शिंतोडे. समीक्षकांनी पायऱ्या चाचपल्या, हुंगल्या, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"यातली आपली कुठली गं?"

"बघून कळत नाही, असं तुम्हीच लिहिलंय ना?"

"चेष्टा नको!"

"मग मित्राला फोन करा."

"काय सांगू? तुझ्या शिल्पावर चढून छत रंगवलं म्हणून?"

तेवढ्यात बेल वाजली. संचालकबाई थेट आतच आल्या.

"अरे वा! यातलं 'ऊर्ध्व' कुठलं?"

चुकीची शिडी दाखवली तर आयुष्यभराचं लेखन पाण्यात.

"दोन्ही," समीक्षक कसेबसे म्हणाले. "म्हणजे... जोडी आहे. शिंतोड्यांसकट."

बाई भारावून गेल्या. त्यांच्या माणसांनी फळी बाजूला ठेवली आणि दोन्ही शिड्या टेम्पोत घातल्या.

टेम्पो वळला आणि रंगारी परतला.

"साहेब, माझ्या शिड्या कुठायत?"

"त्यातली एक माझी होती."

"छे हो, दोन्ही माझ्याच. तुमची डुगडुगत होती, म्हणून मागच्या दारी ठेवली आणि घरून माझी दुसरी आणली."

समीक्षक मागच्या दारी गेले. 'ऊर्ध्व' भिंतीला टेकून उभं होतं. वरच्या पायरीवर पायपुसणं वाळत होतं. संचालकबाईंना कळवायला त्यांचा हात फोनकडे गेला आणि तसाच मागे आला.

"माझ्या गेल्याच आहेत, तर ही नेऊ का?" रंगाऱ्याने विचारलं. "एक खिळा मारला की झालं."

समीक्षकांनी पायरीवरचं पायपुसणं काढून घेतलं.

"न्या. पण जपून वापरा."

"जपायचं काय त्यात, साहेब? शिडीच तर आहे!"

रंगाऱ्याने हातोडी उचलली. पहिल्या ठोक्याला समीक्षकांनी डोळे मिटून घेतले.