ऑग्न्यानचं आमंत्रण

ऑग्न्यानने ठरवलं, रविवारी शेजाऱ्यांना जेवायला बोलवायचं. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून त्याच्या टेबलाची दुसरी खुर्ची कुणी ओढली नव्हती. पण बोलवायचं म्हणजे बोलावं लागतं. (दुकानात पाव मागायलाही तो आधी दोनदा खाकरायचा.) म्हणून त्याने लिहायचं ठरवलं आणि वाचकाचं मन कसं वळवावं हे शिकवणारं एक पुस्तक वाचनालयातून आणलं.

पुस्तकाचं म्हणणं सोपं होतं. फोटो लावा, नाव मोठं लिहा, थोडक्यात हृदयाला हात घाला. आणि लोक जे कागद थांबून वाचतात, तसाच आपला कागद करा. लोम या त्याच्या गावातली माणसं इमारतीच्या दारावर चिकटवलेले कागद थांबून वाचतात, हे ऑग्न्यान लहानपणापासून बघत आला होता. (ते काळ्या चौकटीतले कागद कुणी मेल्याचं कळवणारे असतात, एवढी बारीक गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली नाही.) चौकट त्याने निळी आखली होती, पण वाचनालयाचं यंत्र काळंच छापायचं. फोटो ओळखपत्रावरचा. खाली मजकूर: ‘ऑग्न्यान स्तोइलोव्ह. तुम्हाला रोज जिन्यात भेटणारा. रविवारी चार वाजता त्याच्या घरी या.’ कागद त्याने इमारतीच्या दारावर चिकटवला.

रविवारी त्याने तीस ढोबळ्या मिरच्या भात भरून शिजवल्या आणि दार उघडं ठेवलं. चारला पावलं वाजली. मग आणखी. बाहेरची खोली भरत गेली आणि ऑग्न्यान आनंदाने इतका घाबरला, की स्वयंपाकघरात पहिलं वाक्य घोकत उभा राहिला.

बाहेर त्याचंच बोलणं चाललं होतं. वरच्या मजल्यावरच्या पेनकामावशी म्हणाल्या, त्याने सबंध हिवाळाभर त्यांची पिशवी वर आणून दिली आणि कधी चहालाही थांबला नाही. समोरच्या घरातले कोल्योकाका म्हणाले, असा मुलगा आता मिळायचा नाही. ऑग्न्यानचे डोळे भरून आले. पुस्तक खरोखरच चांगलं होतं.

तो मिरच्यांचं पातेलं घेऊन बाहेर आला.

पेनकामावशींनी छातीवर क्रॉस काढला. “ऑग्न्यान, तू इथे कसा?”

“मी इथेच राहतो.”

“मग गेलं कोण?” कोल्योकाकांनी विचारलं.

“कुणीच नाही. मिरच्या केल्यात.”

“दारावर तुझा फोटो, काळी चौकट,” काका म्हणाले. “लग्नातला कोट घालून आलोय मी. बटणं लागत नाहीत.”

मग मिरच्या सगळ्यांनी खाल्ल्या. वर राकिया ही फळांची दारूही झाली, आणि तासभर त्या खोलीत इतका गोंगाट होता, की ऑग्न्यानला आपलं पहिलं वाक्य म्हणायची गरजच पडली नाही. जाताना पेनकामावशींनी आणलेल्या दहा फुलांतलं एक काढून घेतलं. सम संख्येत फुलं मेलेल्यांना वाहतात, जिवंतांना विषम देतात. उरलेली नऊ त्यांनी त्याच्या हातात दिली.

त्या नऊ फुलांच्या भरवशावर त्याने पुढच्या आठवड्यात दुसरा कागद लावला. हसरा फोटो, लाल पेन्सिलीने हाताने काढलेली चौकट, आणि खाली ठळक अक्षरांत, ‘जिवंत आहे, तरी या.’ पुन्हा तीस मिरच्या केल्या.

कुणीही आलं नाही.

मंगळवारी जिन्यात पेनकामावशी भेटल्या. ऑग्न्यान दोनदा खाकरला.

“वाचला रे तुझा कागद,” त्या पिशवी त्याच्या हातात देत म्हणाल्या. “पहिल्यापेक्षा छान लिहिलायस. पण म्हटलं, आता कसली घाई? तू आहेसच की.”