आकाराम पाटील, मोडकी सायकल

"दोनशे बारा नंबर तुरुंगात असतोय, दूध संस्थेत न्हाय!" क्रांतीनं चेअरमनांच्या तोंडावर सांगितलं आणि तिथंच सगळं सुरू झालं.

कुरुंदवाडजवळच्या त्या दूध संस्थेची वेबसाईट हे क्रांतीचं स्वतःच्या हिमतीवरचं पहिलं काम. त्यासाठी तिनं कोल्हापुरातली नोकरी सोडली होती. आपलं दूध आणि फॅट बघायला प्रत्येक सभासदाला एक पान होतं. पण त्या पानाचा पत्ता म्हणजे एक प्रश्नचिन्ह, दोन इंग्रजी अक्षरं आणि शेवटी सभासदाचा नंबर. कुणाच्या लक्षात राहणार? पत्त्यात माणसाचं नाव हवं, यावर क्रांती अडून बसली. "कर काय करायचं ते," म्हणून चेअरमन अमरसिंह पाटलांनी हात झटकले.

अडचण लगेच आली. संस्थेत आकाराम पाटील सात, आणि सात पानांना एकच पत्ता देता येत नाही.

"त्यात काय अवघड हाय?" सेक्रेटरी तवनाप्पा म्हणाले. "माझ्या वहीत 'ओळख' म्हणून रकाना हाय की. तीस वर्षं लिवतोय. कॉम्प्युटरातबी चढीवलाय. नावाला ओळख जोड, झालं."

क्रांतीनं जोडली. चारशे पत्ते एका दमात तयार झाले, कार्डांवर छापले गेले आणि वार्षिक सभेच्या नोटिशीबरोबर घरोघर पोचले. रकान्यात काय लिहिलंय हे वाचायचं तेवढं राहिलं. शिकलेली माणसं वाचायचंच विसरतात, त्याला कोण काय करणार!

दुसऱ्या दिवशी सकाळीच एका आकारामनं कार्ड टेबलावर आपटलं. त्यावर होतं : आकाराम-पाटील-मोडकी-सायकल.

"सायकल इकून अकरा वर्षं झाली, आप्पा!"

"मग कळवायचं न्हाय व्हय?" तवनाप्पांनी उलट विचारलं.

त्याच्यामागं 'उसना-नांगर' उभा होता. त्याच्यामागं 'सभेत-झोपणारा', तोही डोळे लाल करून. दुपारी चेअरमन स्वतः आले. त्यांच्या नाकाला जरा जास्तच मिरच्या झोंबल्या होत्या.

"सभेआधी नंबर परत लाव. न्हायतर वेबसाईट बंद आणि तुझं कामबी बंद."

"चूक माझी हाय. सभेत माफी मागतो. ज्याला नको त्याची ओळख बदलतो," क्रांती म्हणाली. "पण नंबर लावणार न्हाय. काम गेलं तरी चालंल."

सभेत तिनं माफी मागितली. ती पुरती ऐकूनही न घेता चेअरमननी नंबरांचा ठराव मांडला. सातही आकारामांचे हात वर जाणार, तोच मागून शालूबाई उठल्या. त्यांच्या हातात नवऱ्याचं कार्ड होतं : ज्ञानू-पाटील-शालूबाईचा.

"ह्यो पत्ता बदलायचा न्हाय! बावीस वर्षं धारा मी काढतोय, शेण मी काढतोय, आणि वहीत नाव ह्येंचं. पैल्यांदा कागदावर माझं नाव आलंय. कोण काढतंय बघतोच!"

"ज्ञानबा, तुमाला चालतंय हे?" चेअरमननी विचारलं.

"गाव तसंच वळखतंय की," ज्ञानू शांतपणे म्हणाला. "आता कॉम्प्युटरबी वळखतोय."

सभा हसली. मोडक्या सायकलवाल्या आकारामनं हात खाली घेतला. "माझंबी ऱ्हाऊ द्या. नुसता आकाराम म्हणून माझं पत्र धा वर्षांत माझ्या घरी आलं न्हाय."

"न्हाय! नंबरच!" चेअरमन ओरडले.

"तुमी का एवढं पेटलाय?" शालूबाईंनी विचारलं. "तुमचं कार्ड दावा की!"

चेअरमनांचा हात खिशावर गेला. तवनाप्पांना खोकला आला. 'सभेत-झोपणारा' आज नेमका जागा होता, त्यानं मोबाईलवर वेबसाईटची यादी उघडली आणि मोठ्यानं वाचलं, "अमरसिंह-पाटील-म्हैस-नसलेले."

संस्थेच्या नियमानं दूध घालणाराच चेअरमन होऊ शकतो. सगळ्या माना चेअरमनांकडं वळल्या. ठराव चेअरमननी स्वतःच मागं घेतला.

आठवड्यात त्यांच्या दारात म्हैस आली. तिच्याबरोबर फोटो काढून ते क्रांतीकडं आले. "आता ओळख बदल."

क्रांतीनं लगेच बदलली : अमरसिंह-पाटील-म्हैसवाले. चेअरमन खुशीत निघाले. मग काहीतरी आठवून दारातून मागं वळले.

"आणि त्यो जुना पत्ता? कार्डं घरोघर गेल्यात."

"त्याची काळजी नको, दादा," क्रांती म्हणाली. "एकदा छापलेला पत्ता मी मरू देत न्हाय. गावात कुणीबी 'म्हैस-नसलेले' टाकलं, तरी सरळ तुमच्याच पानावर येतंय."