बर्वेंचे मंत्री

दोह्यातल्या बिन महमूद भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये सुधाकर बर्वे दिसले की लोक जिना धरायचे. दार मिटलं रे मिटलं की त्यांचे पणजोबा सुरू! हे पणजोबा, म्हणजे बर्वेंच्या आईचे आजोबा, शंभर वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थानात शिक्षणमंत्री होते. तळमजल्यावर त्यांनी वकिली सुरू केली की पाचव्या मजल्यापर्यंत ते जेमतेम कौन्सिलात पोचत. मंत्रिपदासाठी गच्चीवरच जावं लागलं असतं.

माझी सुटका नव्हती. फुटबॉल वर्ल्डकपसाठी सगळं दोहा खणून ठेवलेलं, आणि अल गराफा भागातल्या ऑफिसला मी बर्वेंच्याच गाडीतून जायचो. ट्रॅफिक तुंबला की ते खुलायचे. "चला, मुलींच्या शाळेचा ठराव निवांत घेऊ!" मग स्टिअरिंग सोडून मंत्रिमंडळाची बैठक. महाराजांचा आवाज घोगरा, दिवाणांचा नाकातला. "दिवाण म्हणाले, शाळेचा खर्च झेपत नाही. पणजोबा म्हणाले, मग एक मंत्री कमी करा. खलास! राजीनामा! घरी आले आणि ओसरीतच शाळा काढली."

मागचा हॉर्न वाजवायचा.

माझ्या फुटबॉलवेड्या मुलीने एकदा गाडीत हे ऐकून विचारलं, "अंकल, हू वॉज ही प्लेइंग फॉर?"

"मुलींसाठी," बर्वे गंभीरपणे म्हणाले.

एका शुक्रवारी दुपारी मी त्यांची ड्रिल परत द्यायला गेलो. दार उघडंच होतं. बर्वे व्हिडिओ कॉलवर होते. पडद्यावर त्यांची आई, साताऱ्याहून.

"आजोबा, मला शाळेत घ्याल ना?" ती विचारत होती.

"घेणार तर! पण आधी गोळी घे बघू."

"महाराज रागावतील."

"रागावू देत. राजीनामा देऊन आलोय."

म्हातारी खुदकन हसली. गोळी घेतली. बर्वेंनी फोन ठेवला तेव्हा त्यांना मी दिसलो.

"मला ओळखत नाही हो आता," ते म्हणाले. "आजोबांना ओळखते, त्यांचंच ऐकते. पण गोष्टीत एक शब्द चुकला तरी बिथरते. म्हणून आपला घोकत असतो."

"सुट्टी काढून जाऊन या की."

"वर्ल्डकप होईपर्यंत सोडत नाहीत."

मला राहवलं नाही. "तुमची आठवण नाहीच काढत?"

"काढते ना. आजोबांना विचारते, आमचा सुधा कुठंय?"

"मग?"

"सांगतो, शाळेत गेलाय. येईल इतक्यात."