सळयांची आंघोळ

साइट इंजिनिअरने रजेचा अर्ज वाचला, त्याची घडी घातली आणि तो स्टोअरकीपरला परत दिला. "आधी स्लॅब भरून होऊ द्या, मग खुशाल जा. आणि तुमच्या ताब्यातल्या सळयांवर गंज चढलाय. तो तसाच आत गेला तर इमारत आतून पोखरेल. एक डाग दिसला तरी स्लॅब नाही."

स्लॅब नाही म्हणजे रजाही नाही. नात तीन महिन्यांची झाली होती आणि या आजोबांनी तिला अजून फक्त फोनवर पाहिलं होतं.

चार दिवस तारेच्या ब्रशने घासाघीस चालली. एक टोक चकचकीत होईपर्यंत दुसरं तांबूस व्हायचं. जेवताना त्याने बायकोपुढे रडगाणं गायलं.

"माझा तवा बघा," ती म्हणाली. "वापरून झाला की तेलाचा हात फिरवते. कधी गंजलाय?"

तीस वर्षांच्या संसारात तिचं कधी चुकलं नव्हतं, त्यामुळे स्वतः विचार करायची सवय त्याला राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने दोन मजूर लावून सगळ्या सळयांना तेल चोपडलं.

इंजिनिअरने एक सळई उचलली. ती निसटून त्याच्या बुटावर पडली.

"हे काय केलंत?"

"तेल लावलं, साहेब. गंजू नये म्हणून."

"अहो, तेलकट सळईला काँक्रीट धरेल का? काढा ते सगळं."

तेल काढायचं म्हणजे साबण, आणि साबण म्हटला की पाणी आलंच. दोन दिवस सळयांची आंघोळ चालली. स्टोअरकीपर जातीने चोळत होता. स्वतःच्या पाठीला त्याने एवढा साबण जन्मात लावला नसेल. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो सगळा ढीग तांबूस. ब्रश उचलायचंही त्राण उरलं नव्हतं. तो एका रिकाम्या डब्यावर मटकन बसला.

नेमके तेव्हाच कंपनीचे मोठे साहेब आले. त्यांनी सळईवर अंगठा फिरवला. "हा वरवरचा गंज. चालतो. उलट काँक्रीटची पकड चांगली बसते. खपल्या नकोत, एवढंच."

"मी तेच सांगत होतो," इंजिनिअर म्हणाला.

"आणि खपली एकही नाही. इतकं मन लावून काम कोणी केलं?"

इंजिनिअरने डब्याकडे बोट दाखवलं.

घरी बायको बॅग भरून बसली होती. "मिळाली का रजा?"

"नाही. बढती मिळाली. उद्यापासून कंपनीच्या चारही साइटवरच्या सळया माझ्याकडे."

तिने बॅग उघडली आणि त्याचे शर्ट काढून पलंगावर ठेवले.